घाईचा मोबदला: रोमन सत्ता, स्वतःहून पत्करलेले मरण आणि आजचा कायदा

इसवी सनाच्या पहिल्या शतकात, सम्राट टायबेरियसच्या कारकिर्दीत, रोमच्या सिनेटमधील एखाद्या सभासदावर राजद्रोहाचा आरोप आला की त्याच्यापुढे एक भयंकर हिशेब उभा राहत असे. खटला शेवटपर्यंत चालला आणि तो दोषी ठरला, तर मृत्युदंड होई, मालमत्ता जप्त होई, तिच्यातला वाटा आरोप करणाऱ्याच्या पदरात पडे आणि प्रेताला धड अंत्यसंस्कारही लाभत नसत. निकाल लागण्यापूर्वीच त्याने स्वतःचे आयुष्य संपवले, तर मात्र अंत्यविधी होत आणि मृत्युपत्र ग्राह्य धरले जाई, म्हणजे मागे राहिलेल्यांच्या डोक्यावरचे छप्पर शाबूत राही. इतिहासकार टॅसिटसने या व्यवहाराला लॅटिनमधील दोनच शब्दांचे नाव दिले आहे, ‘प्रेटियुम फेस्टिनांडी’, म्हणजे घाईचा मोबदला.

रोमन लोक आत्महत्येकडे कसे पाहत, असे विचारले की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते: ते तिला सन्मानाचे मरण मानत. या उत्तरात थोडे तथ्य आहे, पण ते टॅसिटसच्या या दोन शब्दांना बाजूला ठेवून दिलेले उत्तर आहे. रोमन ग्रंथांत ज्या मृत्यूंचे गोडवे गायले गेले, त्यांतील कितीतरी मृत्यूंच्या मागे सत्तेचा हात होता. त्या हाताकडे नीट पाहिल्याशिवाय रोमही समजत नाही आणि आजचा कायदा या प्रश्नावर अजून का अडखळतो तेही उमगत नाही.

हा मोबदला सत्तेने मनापासून कधीच दिला नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. इ.स. १६ मध्ये लिबो ड्रुसस नावाच्या तरुण सरदारावर खटला सुरू असतानाच त्याने जीव दिला. त्याची मालमत्ता तरीही आरोप करणाऱ्यांमध्ये वाटण्यात आली, आणि टायबेरियसने शपथेवर सांगितले की, याने इतकी घाई केली नसती, तर दोषी असूनही त्याच्या प्राणांसाठी मीच रदबदली केली असती. इ.स. २४ मध्ये सिनेटमध्ये एक सूचना आली की, आरोपी निकालापूर्वी स्वतःहून मरण पावला तर आरोप करणाऱ्याला बक्षीस मिळू नये. सूचना संमत होण्याच्या बेतात असताना सम्राटाने उघडपणे आरोपकर्त्यांची बाजू घेतली आणि असे केल्यास कायद्यांचे रक्षकच नाहीसे होतील, असे सुनावले. रोममध्ये सरकारी वकील नव्हता. कोणीही नागरिक दुसऱ्यावर आरोप ठेवू शकत असे आणि आरोप सिद्ध झाल्यास आरोपीच्या संपत्तीचा साधारण चौथा हिस्सा त्याला मिळे. त्यामुळे आरोप करणे हाच काही जणांचा धंदा होऊन बसला होता.

पुढच्याच वर्षी, इ.स. २५ मध्ये, क्रेम्युशियस कॉर्डस या इतिहासकारावर खटला भरला गेला. सीझरच्या मारेकऱ्यांपैकी ब्रूटसची त्याने आपल्या ग्रंथात स्तुती केली होती आणि कॅशियसला ‘अखेरचा रोमन’ म्हटले होते, एवढाच त्याचा अपराध. सिनेटपुढे आपली बाजू मांडून तो घरी गेला आणि त्याने अन्न सोडले. त्याच्या मुलीसाठी, मार्सियासाठी, तत्त्वज्ञ सेनेकाने पुढे लिहिलेल्या सांत्वनपर लेखनात एक प्रसंग आहे: कॉर्डस मरणाच्या वाटेवर आहे हे कळताच आरोप करणारे लगबगीने न्यायासनाकडे धावले आणि ‘आमचा माणूस हातचा निसटतो आहे’ अशी तक्रार करू लागले. ज्याला मरणाकडे ढकलले, त्याच्या मरणावरच त्यांचा आक्षेप होता, कारण ते मरण त्यांच्या हिशेबाने होत नव्हते. कॉर्डसचे ग्रंथ जाळण्याचा हुकूम निघाला. मार्सियाने प्रती लपवून ठेवल्या आणि टायबेरियसनंतर त्या पुन्हा लोकांच्या हाती आल्या.

हा सगळा प्रकार दोन हजार वर्षांपूर्वीचा म्हणून बाजूला सारता येत नाही. १४ ऑक्टोबर १९४४ रोजी हिटलरचे दोन सेनापती, हिटलरविरुद्धच्या कटात सामील असल्याचा संशय असलेल्या जर्मन फील्ड मार्शल रोमेलच्या घरी आले आणि त्यांनी त्याच्यापुढे दोन पर्याय ठेवले: एक तर नाझींच्या ‘लोकन्यायालयात’ राजद्रोहाचा खटला आणि त्याबरोबर कुटुंबावर येणारे गंडांतर, नाही तर त्याच दिवशी स्वतःहून मरण, ज्याच्या बदल्यात बायकोमुलाला हात लावला जाणार नव्हता. जनतेला तो जुन्या जखमांमुळे गेल्याचे सांगण्यात आले आणि शासकीय इतमामात त्याची अंत्ययात्रा निघाली. टॅसिटसला हा सौदा एका नजरेत ओळखता आला असता.

आता शब्दांविषयी थोडे. ज्या लॅटिनमधून युरोपातील भाषांनी आत्महत्येसाठीचा आजचा शब्द घडवला, त्या अभिजात लॅटिनमध्ये असा एक शब्दच नव्हता. तो सतराव्या शतकातला आहे. रोमन लोक ‘स्वेच्छेने आलेले मरण’ किंवा ‘स्वतःसाठी मरण ठरवणे’ असे म्हणत, आणि त्या बोलण्यात निंदा किंवा स्तुती आपोआप येत नसे. मराठी वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये. ज्ञानेश्वरांच्या आळंदीतील समाधीला आपण एका शब्दाने ओळखतो, अन्नत्याग करून देह ठेवण्याला प्रायोपवेशन म्हणतो, जैन परंपरा संथारा किंवा सल्लेखना म्हणते, आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरील दोन ओळींच्या बातमीत आत्महत्या हा शब्द येतो. कोणत्या मरणाला कोणता शब्द लावायचा, हे ठरवणारा माणूस त्या मरणाचा न्यायही करून टाकत असतो.

रोमन प्रजासत्ताकाची जन्मकथाच अशा एका मरणापासून सुरू होते. रोमन इतिहासकार लिव्हीने सांगितल्याप्रमाणे राजपुत्र सेक्स्टस टार्क्विनियसने ल्युक्रेशिया या कुलीन स्त्रीवर बलात्कार केला. वडील आणि पती यांच्यासमोर सारी हकीकत सांगून तिने प्राण दिले, आणि तिच्या मृतदेहासमोर घेतलेल्या शपथेतून राजांना हाकलून लावणारा उठाव झाला. परंपरेने याचे साल इ.स.पू. ५०९ मानले जाते. वडील आणि पती दोघेही तिला ‘तुझा दोष नाही’ असे सांगत असतात, हे लिव्हीनेच लिहिले आहे. तरी कथा तिला जगू देत नाही, कारण तिच्या मरणाशिवाय पुरुषांच्या राजकारणाला ठिणगी मिळत नाही. पुढे पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीनने या कथेवर नेमका प्रश्न विचारला: ती निर्दोष असेल तर तिला मृत्यूची शिक्षा का झाली? ऑगस्टीनची सगळी मते मला पटत नाहीत, पण हा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो.

पण राजकीय मरणाचा खरा नमुना म्हणून रोमने शतकानुशतके ज्याचे नाव घेतले, तो धाकटा केटो. इ.स.पू. ४६ मध्ये थॅप्ससच्या लढाईत सीझरच्या विरोधकांचा पराभव झाला तेव्हा केटो आजच्या ट्युनिशियातील युटिका या शहराचा कारभार पाहत होता. सीझर क्षमाशील म्हणून प्रसिद्ध होता आणि त्याने केटोला जिवंत सोडले असते, हे जवळजवळ नक्की होते. अडचण नेमकी तिथेच होती. क्षमा करणारा हा क्षमा मागणाऱ्याच्या वर असतो. सीझरचा अधिकारच बेकायदा आहे असे मानणाऱ्या माणसाने त्याच्याकडून जीवदान घ्यायचे, म्हणजे तो अधिकार मान्य करायचा. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कच्या वृत्तान्तानुसार केटोने हेच सांगितले की, ज्याला आपल्यावर स्वामित्वाचा हक्क नाही, त्याने स्वामी असल्याप्रमाणे आपल्याला वाचवणे हाही कायद्याचा भंगच आहे.

त्या रात्री त्याने आत्म्याच्या अमरत्वावरील प्लेटोचा संवाद वाचला, ही गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र प्लुटार्कने दिलेला दुसरा तपशील अधिक जवळचा वाटतो. त्याच रात्री केटो आपल्या माणसांना पुन्हा पुन्हा बंदरावर पाठवत होता, कारण सीझर येण्यापूर्वी समुद्रमार्गे निघालेले त्याचे सहकारी सुखरूप बाहेर पडले की नाही याची त्याला चिंता होती. वारा जोराचा आहे आणि समुद्र खवळला आहे, हे ऐकून त्याने सुस्कारा टाकला. आपल्या मुलाला त्याने मरणाचा कित्ता गिरवायला सांगितले नाही. राजकारणापासून दूर राहा, एवढाच सल्ला दिला. सीझरला बातमी कळली तेव्हा तो म्हणाल्याचे सांगतात, ‘केटो, तुझ्या मरणाचा मला हेवा वाटतो, कारण तुला वाचवण्याचे श्रेय तू मला मिळू दिले नाहीस.’ त्याच वर्षी रोममध्ये निघालेल्या विजययात्रेत केटोच्या मृत्यूचे चित्र मिरवले गेले आणि ते पाहून लोकांनी हळहळ व्यक्त केली. वक्ता आणि राजकारणी सिसेरोने केटोची स्तुती करणारे पुस्तक लिहिले, तर त्याला उत्तर म्हणून खुद्द सीझरने केटोविरुद्ध पुस्तक लिहिले. सर्वसत्ताधीश झालेला माणूस एका मृताशी लेखणीने भांडत होता.

मात्र केटोची स्तुती करणारा हाच सिसेरो सीझरची क्षमा स्वीकारून जगला होता, आणि त्याने या विषयावर एक फार समंजस गोष्ट लिहून ठेवली आहे. केटोला जे शोभले ते त्याच परिस्थितीतील इतरांच्या बाबतीत कदाचित दोषास्पद ठरले असते, कारण त्यांचे स्वभाव आणि आयुष्य वेगळे होते. म्हणजे रोमनांच्या दृष्टीनेही हा सर्वांसाठीचा नियम नव्हता. पुढच्या पिढ्यांनी मात्र त्याचा साचा केला.

सम्राटांच्या काळात हा साचा सत्तेच्या हाती गेला, हे माझ्या मते या सगळ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वळण आहे. केटोने मरणाचा उपयोग सीझरला नकार देण्यासाठी केला. शंभर वर्षांनंतर नीरो तेच मरण हुकूम म्हणून पाठवत होता. इ.स. ६५ मध्ये नीरोला मारण्याचा पिसो या सरदाराचा कट उघडकीस आल्यावर नीरोने आपला जुना शिक्षक सेनेका याला मरणाचा निरोप धाडला. सेनेकाची पत्नी पॉलिना हिनेही त्याच्याबरोबर जाण्याचे ठरवले तेव्हा नीरोच्याच हुकमाने तिला वाचवण्यात आले, कारण तिच्या मरणाने सम्राटाची आणखी बदनामी झाली असती. कोणी मरायचे आणि कोणी जगायचे, दोन्ही गोष्टी सम्राटच ठरवत होता. याला कायद्याच्या भाषेत ‘मरणाची मुक्त निवड’ म्हणत. हा शब्दप्रयोग वाचताना अंगावर काटा येतो, कारण निवड फक्त रीतीची होती.

सेनेकाची पत्रे आज अनेक जण वाचतात आणि त्यांतील मरणाविषयीची स्फुट वाक्ये समाजमाध्यमांवर फिरत असतात. ती वाक्ये कोणत्या काळात लिहिली गेली हे सांगितल्याशिवाय ती पसरवणे मला धोक्याचे वाटते. ज्या माणसाच्या दारात कोणत्याही सकाळी सैनिक येऊन उभे राहू शकत होते, त्याने ‘मरणाची वाट मोकळी आहे’ असे म्हणणे हा भीतीवर मात करण्याचा प्रयत्न होता. त्याच सेनेकाने एका पत्रात ‘मरणाच्या लालसे’पासून सावध राहायला सांगितले आहे. आणि ७८व्या पत्रात त्याने स्वतःची गोष्ट सांगितली आहे: तरुणपणी दीर्घ आजाराने तो खंगला होता, आयुष्य संपवावे अशी ऊर्मी अनेकदा येत होती, पण म्हाताऱ्या वडिलांचा विचार त्याला थोपवून धरत असे. मी किती धैर्याने मरू शकेन याचा विचार न करता, माझे जाणे ते किती कमी धैर्याने सोसू शकतील याचा मी विचार केला, असे तो लिहितो, आणि पुढे म्हणतो की कधीकधी जगणे हेच शौर्याचे कृत्य असते. त्या आजारातून सावरण्याचे श्रेय तो अभ्यासाला आणि उशाशी बसून बोलणाऱ्या मित्रांना देतो. रोमन विचारातील हा भाग क्वचितच उद्धृत होतो.

इ.स. ६६ मध्ये थ्रेसिया पीटस या सिनेटरची पाळी आली. नीरोने आपल्या आईची हत्या घडवल्यानंतर सिनेटने त्याच्यासाठी गौरवाचे ठराव केले तेव्हा हा गृहस्थ एक शब्दही न बोलता सभागृहातून उठून गेला होता. पुढे त्याने सभांना येणेच सोडले, आणि त्याची अनुपस्थितीच राजद्रोह ठरली. खटल्याच्या वेळी अरुलेनस रस्टिकस नावाचा एक तरुण अधिकारी आपला नकाराधिकार वापरायला तयार झाला, तेव्हा थ्रेसियाने त्याला अडवले: मला त्याचा उपयोग होणार नाही आणि तुझा मात्र जीव जाईल. निकाल आला त्या संध्याकाळी तो बागेत मित्रमंडळींमध्ये बसून आत्मा आणि देह यांविषयी एका तत्त्वज्ञाशी बोलत होता. बातमी कळताच लोक रडू लागले, तर त्याने सर्वांना ताबडतोब निघून जायला सांगितले, कारण दोषी ठरलेल्या माणसाजवळ दिसणेही त्यांना घातक होते. पत्नी अरियाला त्याने जगायला सांगितले; आपल्या मुलीचा एकमेव आधार तू काढून घेऊ नकोस, असे तो म्हणाला.

टॅसिटसला थ्रेसियाविषयी मोठा आदर होता. तरीही अशा मरणांच्या कौतुकाची त्याला शंका येत असे, आणि इ.स. ९८च्या सुमारास सासऱ्याच्या चरित्रात त्याने ती बोलून दाखवली: वाईट सम्राटांच्या राज्यातही मोठी माणसे असू शकतात, आणि काम करत राहणाऱ्यांची थोरवी, राष्ट्राला उपयोग नसलेल्या डोळे दिपवणाऱ्या मरणाने मिळवलेल्या कीर्तीपेक्षा उणी नसते. कवी मार्शल तर स्पष्टच म्हणतो की, स्वस्तात सांडलेल्या रक्ताने नाव विकत घेणारा माणूस मला नको, मरणाशिवाय ज्याची स्तुती करता येईल असा हवा. ‘रोमन लोक आत्महत्येला सन्मान मानत’ हे सरसकट विधान या दोघांना मान्य झाले नसते.

आतापर्यंत आलेली जवळजवळ सगळी माणसे सिनेटर वर्गातील, सुशिक्षित आणि श्रीमंत आहेत. त्यांच्याविषयी लिहिणारेही त्यांच्याच वर्गातले. सामान्य रोमन माणूस काय मानत होता, याची झलक एका शिलालेखात मिळते. रोमजवळच्या लॅन्युव्हियम गावात इ.स. १३३ साली एक मंडळ स्थापन झाले होते, जे आपल्याकडच्या भिशीसारखे सभासदांकडून दरमहा थोडे पैसे जमा करून त्यांच्या अंत्यविधीचा खर्च भागवत असे. सभासद होताना १०० सेस्टर्स (रोमन नाणी) आणि चांगल्या दारूचा एक रांजण द्यावा लागे, नंतर दरमहा ५ आस, म्हणजे सव्वा सेस्टर्स, आणि सभासद वारला की अंत्यविधीसाठी ३०० सेस्टर्स मिळत, त्यांतील ५० चितेपाशी आलेल्यांमध्ये वाटले जात. या मंडळात गुलामही सभासद होऊ शकत. संगमरवरावर कोरलेल्या नियमांमध्ये एक नियम असा आहे की, ज्याने कोणत्याही कारणाने स्वतःहून मरण ओढवून घेतले असेल, त्याच्या अंत्यविधीचा विचार केला जाणार नाही. ‘कोणत्याही कारणाने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पै-पै जमवणाऱ्या या माणसांनी केटोसाठीही अपवाद ठेवला नव्हता.

गुलामाच्या बाबतीत तर प्रश्न थेट मालकीचा होता. बाजारात गुलाम विकताना त्याचा आजार किंवा पळून जाण्याची सवय जशी ग्राहकाला सांगणे बंधनकारक होते, तसेच त्याने पूर्वी स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला असेल तर तेही सांगावे लागे. ज्याच्या सोसण्याची परिसीमा झाली होती, त्याचे ते दुःख कायद्याच्या लेखी मालातला दोष होते. सैनिकाने असा प्रयत्न केला आणि तो वाचला, तर त्याला मृत्युदंड होऊ शकत असे. वेदना, आजार, वेड, जगण्याचा वीट किंवा लज्जा अशी कारणे दिसली तर मात्र त्याला बदनामीसह सैन्यातून काढून टाकण्यावर भागे. सिनेटर, गुलाम आणि सैनिक यांच्यासाठी नियम वेगळे होते, कारण त्यांच्या जिवावरचा हक्क वेगवेगळ्या लोकांचा मानला जाई.

रोमन कायद्याने शेवटी जो प्रश्न मध्यभागी आणून ठेवला तो कारणाचा होता. गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेला माणूस शिक्षेच्या भीतीने मेला, तर ते मरण कबुलीजबाब समजून मालमत्ता जप्त होई. असह्य वेदना किंवा जगण्याचा वीट हे कारण असेल तर जप्ती होत नसे, आणि मृताचा निर्दोषपणा सिद्ध करण्याची संधी वारसांना मिळे. सम्राट हेड्रियनपुढे आलेले एक प्रकरण कायद्याच्या ग्रंथात टिकून राहिले आहे. एका बापावर आपल्याच मुलाला मारल्याचा आरोप होता आणि त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. हेड्रियनने लेखी उत्तर दिले की, हा माणूस अपराधाच्या भीतीपेक्षा मुलगा गमावल्याच्या दुःखानेच मेला असे मानावे आणि त्याची मालमत्ता जप्त करू नये.

ख्रिस्ती धर्मसत्ता आली तेव्हा कारणाचा हा बारकावा हळूहळू पुसला गेला. ऑगस्टीनने आत्महत्येला स्वतःचा खून ठरवले, सहाव्या शतकापर्यंत चर्चने अशा मृतांना धार्मिक अंत्यविधी नाकारायला सुरुवात केली, आणि इंग्लंडच्या कायद्यात तर मृताची चीजवस्तू राजाच्या खजिन्यात जमा होऊ लागली. ही जप्ती तेथे १८७० साली बंद झाली, आणि आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा म्हणून १९६१ साली रद्द झाला. दरम्यान इंग्रजांनी १८६०च्या भारतीय दंड संहितेत कलम ३०९ घालून तो गुन्हा आपल्याकडे आणून ठेवला होता, आणि इंग्लंडने सोडून दिल्यावरही आपण तो साठ वर्षांहून अधिक काळ बाळगला. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली हे कलम घटनाबाह्य ठरवले, पण १९९६ साली घटनापीठाने तो निर्णय फिरवला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने मात्र दृष्टिकोनच बदलला: असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी मानावी. आता ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीतूनही बोलता येते. जगात दरवर्षी ७ लाखांहून अधिक माणसे अशी जातात. टोकाची ऊर्मी अनेकदा ओसरते आणि त्या वेळी कोणी जवळ असेल तर माणूस वाचू शकतो, हे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. सेनेकाने आपल्या मित्रांविषयी लिहिलेले याहून फार निराळे नव्हते.

पण सत्तेशी असलेली गाठ अजून सुटलेली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ नाही, आणि तरीही कलम २२६ आहे. सरकारी सेवकाला त्याचे अधिकृत काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा ते करण्यापासून रोखण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केल्यास एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा होऊ शकते. दुःखाने कोलमडलेल्या माणसाला राज्याने गुन्हेगाराच्या यादीतून काढले, पण आपल्या प्राणांनी सत्तेवर दबाव आणू पाहणारा तेथेच राहिला. महाराष्ट्रातील वाचकाला हे कलम कोणासाठी आहे हे सांगावे लागत नाही, कारण जिल्हाधिकारी कार्यालयासमोर आत्मदहनाचा इशारा ही बातमी प्रत्येक राष्ट्रीय सणाच्या आसपास छापून येतेच. मंत्रालयाच्या इमारतीत मधल्या मोकळ्या जागेवर २०१८ साली आडवी जाळी ताणण्यात आली. दाद मागायला आलेल्या माणसांचे जीव वाचावेत म्हणून ती बसवली हे खरे, आणि ती बसवावी लागली हे त्याहून अधिक बोलके आहे.

उपोषणाच्या बाबतीत ही ओढाताण आपण फार जवळून पाहिली आहे. सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात प्राणांतिक उपोषण सुरू केले, तेव्हा त्यातील दबावावर डॉ. आंबेडकरांनी उघड आक्षेप घेतला होता. पुणे कराराची वाटाघाट त्या दबावाखालीच झाली. मणिपूरमध्ये इरोम शर्मिला यांनी सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध नोव्हेंबर २००० पासून ऑगस्ट २०१६ पर्यंत उपोषण केले. ‘मला मरायचे नाही, मला तो कायदा नको आहे’ अशी त्यांची भूमिका होती, पण राज्य त्यांच्यावर कलम ३०९ लावून त्यांना ताब्यात घेई आणि नाकातील नळीने अन्न देई. या कलमाची कमाल शिक्षा एक वर्षाची, म्हणून वर्ष भरले की सुटका आणि लगेच पुन्हा अटक, असे सोळा वर्षे चालले. कॉर्डसच्या आरोपकर्त्यांची ‘निसटतो आहे’ ही तक्रार येथे वेगळ्या रूपात दिसते. लोकशाहीत विरोधकाला मरणाचा निरोप जात नाही, ही फार मोठी प्रगती आहे. पण ज्याच्या मरणाने सत्ता अडचणीत येईल, त्याच्या जगण्याचा ताबा ती आजही सोडत नाही.

रोमकडून शिकण्यासारखे जे काही आहे, ते मला विदर्भ आणि मराठवाड्यातील एका कागदापाशी आणून सोडते. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला १ लाख रुपये मदत देण्याची पद्धत महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २००५च्या निर्णयाने घालून दिली. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रत्येक प्रकरण तपासते आणि त्यावर ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा मारते. नापिकी, परतफेडीचा तगादा आणि राष्ट्रीयीकृत बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकार यांचे थकलेले कर्ज ही पात्रतेची कारणे. रोमन सिनेटरचे मरण सम्राटावर आरोप ठेवत असे; आपल्या काळात तो आरोप कोरडवाहू जमिनीच्या मालकाचे मरण सरकारवर ठेवते. म्हणूनच आकड्यांवरून विधानसभेत खडाजंगी होते, आणि म्हणूनच कारण शोधण्याला इतके महत्त्व येते.

हेड्रियनच्या काळी राज्य मृताचे कारण विचारत होते ते घ्यायचे की सोडायचे हे ठरवण्यासाठी, आज विचारते ते द्यायचे की नाही हे ठरवण्यासाठी. प्रश्न तोच आहे आणि उत्तर द्यायला मेलेला माणूस तेव्हाही नव्हता, आजही नाही. उत्तर देते ती त्याची बायको, सातबारा, बँकेचा थकबाकीचा दाखला, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल घेऊन तहसीलच्या व्हरांड्यात बसलेली. बी-बियाण्यासाठी घेतलेले पैसे विनापरवाना सावकाराचे असतील, मुलीच्या लग्नासाठी मेहुण्याकडून घेतलेले असतील, तर त्यांचा कागद नसतो, आणि कागद नसला की मरण ‘अन्य कारणा’त जाते. मुलाच्या हत्येचा आरोप असलेल्या बापाबाबत हेड्रियनने संशयाचा फायदा त्याच्या दुःखाला दिला होता. व्हरांड्यातल्या त्या बाईला तो मिळावा, एवढी मागणी या समित्यांपुढे अजून मांडावीच लागते.